तडजोड की बोळवण?

घरातला तंटा घरातच मिटावा. घरात मिटला नाही तर निदान कोर्टाच्या पायरीवर तरी मिटावा, असे सांगणाऱ्या माणसास आपला समाज शहाणा समजतो, आणि ते योग्यच आहे. वाटणीचा दावा आजोबांनी लावावा, बापाने चालवावा आणि नातवाने त्याच्या नकला काढीत हिंडावे, असे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात पाहावयास मिळते. अशा दाव्यात जिंकणाराही अखेर हरलेलाच असतो. म्हणून रोजनाम्यात 'तडजोड पुरसिस दाखल, तडजोड मंजूर, त्याप्रमाणे हुकूमनामा' अशी एक ओळ पडली की पक्षकार, वकील आणि न्यायाधीश या सर्वांनाच हायसे वाटते. आम्हालाही ते वाटते. परंतु त्या ओळीच्या आधीच्या कागदावर कोणाची सही आहे, कोणाचा अंगठा आहे, आणि ज्याचा अंगठा आहे त्यास आपण काय सोडून देत आहोत याची कल्पना होती काय, हे विचारण्याची वेळ भिवंडी तालुक्यात तरी निश्चित आली आहे.

एके काळी येथील भाताच्या खाचराची आणि वरकस जमिनीची किंमत तिच्यात पिकणाऱ्या धान्यावर ठरत असे. आज ती रस्ता किती जवळून जातो यावर ठरते. मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसऱ्याने माणकोली, दापोडे, पूर्णा, वळ, काल्हेर, राहनाळ या गावांतून गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. समृद्धी महामार्गाचे एक टोक याच तालुक्यातील आमणे येथे आले. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा आगार अंजूर-भरोडीच्या परिसरात होत आहे. जी जमीन कसण्याचा भावांनाही कंटाळा येत होता, तिचा सातबारा आता कपाटातून काढून पुन्हा पुन्हा वाचला जातो. शहरातही हेच घडते. वडिलांनी उभारलेली यंत्रमागांची शेड मागांपेक्षा तिच्याखालच्या जागेमुळे मोलाची झाली आहे. आणि खरेदीदार, विकासक किंवा भूसंपादन अधिकारी जेव्हा 'सर्व हिस्सेदारांच्या सह्या आणा' असे सांगतो, तेव्हा वर्षानुवर्षे ज्यांची नावे सातबाऱ्यावर चढविण्याची कोणास आठवण नव्हती, त्या बहिणींची आठवण होते.

मग निरोप जातो. कोणी मुरबाडहून येते, कोणी शहापुराहून, कोणी पनवेलहून. जेवणावळ होते. 'माहेरचा उंबरा तुला कायमचा उघडा आहे. तेवढा हा एक कागद निकालात काढ,' असे थोरला भाऊ म्हणतो. कागदावर काय आहे हे विचारणे म्हणजे भावावर अविश्वास दाखविणे, आणि अविश्वास दाखविणे म्हणजे भाऊबीज तोडणे, अशी समजूत आपल्या मुलींच्या मनावर लहानपणापासूनच बिंबलेली असते. साडीचोळी होते, हक्क सुटतो. यातील काही हक्कसोडपत्रे दुय्यम निबंधकाकडे नोंदली जातात, आणि काही तडजोडीच्या रूपाने न्यायालयात येतात. आमचा आजचा प्रश्न या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. कारण घरात झालेल्या अन्यायाविरुद्ध न्यायालयाकडे जाता येते. परंतु त्याच अन्यायावर न्यायालयाचा शिक्का पडला, तर जावयाचे कोठे?

कायद्याने न्यायाधीशास या कामी मुकाट्याने शिक्का मारणारा कारकून केलेले नाही, ही गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे, दावा कायदेशीर तडजोडीने मिटला आहे हे न्यायालयाचे समाधान होईल अशा रीतीने सिद्ध झाल्यावरच त्याप्रमाणे हुकूमनामा करावयाचा असतो. ही तडजोड लेखी असली पाहिजे आणि तीवर पक्षकारांच्या सह्या असल्या पाहिजेत, हे शब्द १९७६ च्या दुरुस्तीने मुद्दाम घालण्यात आले. फसवून, दडपणाखाली किंवा खोटे सांगून घेतलेली संमती ज्या करारास दोषी ठरविते, तो करार या नियमापुरता कायदेशीर मानावयाचा नाही, असेही स्पष्टीकरण तेथेच आहे. म्हणजे 'समाधान' हा या नियमाचा प्राण आहे. आता हे समाधान कशाने होते? वकिलांनी पुरसिस पुढे केली आणि कोणी हरकत घेतली नाही, एवढ्याने? १९९१ साली बैराम पेस्तनजी गरीवाला विरुद्ध युनियन बँक या मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाने पक्षकारातर्फे केलेली सहीही चालते असा निर्णय दिला. व्यापाऱ्याच्या आणि बँकेच्या वादात ते सोयीचे आहे. परंतु पन्नाशी उलटलेल्या, शेतावर राबलेल्या आणि आपला वकील कोण हेही भावाकडूनच ज्यांना कळते अशा बहिणींच्या बाबतीत, भावानेच नेमून दिलेल्या वकिलाची सही अथवा भावाच्याच नावे असलेले कुलमुखत्यारपत्र पाहून न्यायालयाने समाधान मानावे काय?

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी आपल्या महाराष्ट्रातील एका खटल्याचे गणित मांडून पाहावे. हे गणित कोणताही चौथीपाचवीतला मुलगा सोडवील. परंतु ते सुटावयास सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. सांगलीकडील मगदूम कुटुंबातील कर्ता पुरुष १९६० साली मरण पावला. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी वाटणीचा दावा लावला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे, मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे धरल्यास नवरा, बायको आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळतो. नवऱ्याचा तो एक चतुर्थांश पुढे सहा वारसांत वाटला की प्रत्येकास एक चोविसांश. म्हणून विधवेस स्वतःचा एक चतुर्थांश अधिक एक चोविसांश, म्हणजे एकूण सात चोविसांश मिळावयास हवे. खालच्या न्यायालयाने मात्र तिचा वाटा एक चोविसांशच धरला. उच्च न्यायालयाने तो सात चोविसांश केला, आणि २७ एप्रिल १९७८ रोजी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 'गुरुपाद विरुद्ध हिराबाई' या नावाने हा निकाल आजही देशभरच्या न्यायालयांत उद्धृत होतो.

आता वाचकांनी क्षणभर कल्पना करावी की हा दावा खालच्याच न्यायालयात तडजोडीने मिटला आहे. वडीलधाऱ्या मंडळींनी मध्ये पडून म्हटले असते, 'बाई, तुझा वाटा कायद्याने एक चोविसांश; मुले मोठ्या मनाची आहेत, दुप्पट देतात.' त्या माऊलीने आनंदाने अंगठा उठविला असता, मुलांच्या औदार्याचे कौतुक झाले असते, न्यायाधीशांनी सर्वांचे अभिनंदन केले असते. आणि सात आणे ज्यांचे होते त्यांना दोन आणे मिळाले असते! तडजोड म्हणजे आपल्या हक्कातला काही भाग शांततेसाठी सोडणे. हक्क किती हेच जिला माहीत नाही, ती सोडते काय आणि राखते काय? हिशेब माहीत असून सोडणे याला औदार्य म्हणतात. हिशेब लपवून सोडावयास लावणे याला आमच्या भाषेत बोळवण म्हणतात.

कायदा त्यानंतर बराच पुढे आला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध सहहिस्सेदार केले. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा केला. वडील त्या दिवशी हयात असले पाहिजेत काय, हा घोळ पुढे पंधरा वर्षे चालला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटविला आणि मुलीचा हक्क जन्मानेच असतो, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही, असे सांगितले. मगदूम कुटुंबासारख्या कुटुंबातील पिता आज मृत्युपत्र न करता वारला, तर काल्पनिक वाटणीत नवरा, बायको, दोन मुलगे व तीन मुली अशा सातांना प्रत्येकी एक सप्तमांश येईल. बापाचा सप्तमांश सहा जणांत वाटला की प्रत्येकाच्या पदरी बरोबर एक षष्ठांश पडेल. म्हणजे जिला १९६० साली एक चोविसांश मिळत होता त्या मुलीस आज त्याच्या चौपट मिळतो. गोदामाशेजारच्या सहा एकरांत तिचा एक एकर आहे. ही गोष्ट भावास माहीत आहे, खरेदीदारास माहीत आहे, दोन्ही बाजूंच्या वकिलांस माहीत आहे. बहिणीस ती माहीत आहे याची खात्री करणे ज्यांचे कर्तव्य आहे, ते न्यायाधीश तिला विचारतात काय, एवढाच सवाल आहे.

हा सवाल यासाठी की, एकदा तडजोड मंजूर झाली की परतीची वाट फार अरुंद आहे. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. तडजोड बेकायदेशीर होती म्हणून तो हुकूमनामा रद्द करण्यासाठी नवा दावाही लावता येत नाही. ज्या न्यायालयाने तडजोड मंजूर केली त्याच न्यायालयाकडे जाऊन 'मला फसविले' असे सांगावे लागते. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्याची अवस्था याहून कडक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखाच, अंतिम आणि अपिलाबाहेरचा असतो. उच्च न्यायालयात रिट अर्ज करून, तोही फार थोड्या कारणांसाठी, काय दाद मिळेल तेवढीच. धनादेश न वटल्याची, अपघात भरपाईची, वीजबिलाची प्रकरणे एका दिवसात ढिगांनी मिटविणे हे लोकअदालतीचे मोठेच काम आहे, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते हाही लाभ लहान नाही. परंतु तीन पिढ्यांच्या वंशावळीचा आणि दहा गटांच्या जमिनीचा दावा त्याच ढिगात, त्याच घाईने उरकावयाचा नसतो. निकाली प्रकरणांचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतो. आम्हीही तो छापतो. त्या आकड्यात किती जणींची संमती समजून दिलेली होती, हे कोणताच आकडा सांगत नाही.

बहिणीपेक्षाही मुका असा दुसरा पक्षकार म्हणजे अज्ञान मूल. जुन्या सातबाऱ्यावर कित्येक नावांपुढे 'अ.पा.क. आई' असा शेरा आढळतो: अज्ञान, पालनकर्ता आई. बाप अकाली गेलेल्या या मुलाच्या वतीने चुलत्यांशी तडजोड करावयाची, तर संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे न्यायालयाची परवानगी आवश्यक असते आणि ती कामकाजात स्पष्टपणे नोंदलेली असावी लागते. तडजोड मुलाच्या हिताची आहे असे पालनकर्त्याचे प्रतिज्ञापत्र आणि वकील असल्यास त्याचा दाखला अर्जासोबत जोडावा लागतो. तरीही न्यायालयास स्वतः तपासणी करण्यास मोकळीक ठेवली आहे. अशी परवानगी न घेता केलेली तडजोड मुलगा मोठा झाल्यावर मोडू शकतो. समोरच्यास मात्र ती मोडता येत नाही. म्हणजे या एका ठिकाणी कायद्याने न्यायाधीशासच त्या मुलाच्या बापाच्या जागी बसविले आहे. बाप 'परवानगी दिली' एवढे दोन शब्द लिहून मोकळा होईल काय? मुलाच्या वाट्यास रस्त्याकडील तुकडा आला की ओढ्याकडील, त्याच्या पैशाचे काय होणार, विधवा आई चुलत्यांच्याच छपराखाली राहत असल्याने गप्प आहे की समाधानाने गप्प आहे, हे तो बघेलच.

भिवंडी शहरात मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि तेथील घरांतही हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. शरियतप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असला, तरी तो निश्चित आहे, भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही. आणि त्या कायद्याप्रमाणे आई ही अज्ञान मुलाच्या स्थावर मालमत्तेची आपोआप कायदेशीर पालनकर्ती होत नसल्याने न्यायालयाच्या परवानगीची गरज तेथे अधिकच तीव्र होते. शेड विकून टाकली, बहिणीस चार दागिने दिले आणि धाकट्या भावाच्या मुलांचा हिस्सा 'पुढे पाहू' म्हणून ठेवला, ही कथा धर्म पाहून घडत नाही.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील हे आम्ही जाणतो. पहिला असा की, न्यायालयांवर दाव्यांचा डोंगर आहे. मिटणारा दावाही उकरून तपासावयाचा म्हटले तर तो डोंगर वाढेल. दुसरा याहून वजनदार आहे. कौटुंबिक समझोता हा काचेच्या भांड्यासारखा असतो. न्यायाधीशाने फार प्रश्न विचारले तर तो फुटेल. सर्वोच्च न्यायालयानेही १९७६ साली काळे विरुद्ध चकबंदी उपसंचालक या खटल्यात म्हटले आहे की, कुटुंबातील शांतता टिकविणाऱ्या समझोत्याकडे न्यायालयांनी अनुकूल दृष्टीने पाहावे, क्षुल्लक तांत्रिक कारणांवरून तो मोडू नये. हे तत्त्व आम्हास मान्य आहे. परंतु त्याच निकालात समझोता प्रामाणिक आणि स्वखुषीचा असला पाहिजे, फसवणूक वा दडपण यांनी दूषित नसावा, ही अटही घातलेली आहे. ती विसरून पहिला अर्धाच घोकणे बरे नव्हे. सज्ञान बहिणीने आपला संपूर्ण वाटा भावास दिला तरी तो घेऊ नको असे सांगण्याचा अधिकार न्यायाधीशास नाही आणि असू नये. आईच्या आजारपणात ज्याने हाडाची काडे केली त्या भावास आपला हिस्सा देणाऱ्या बहिणी आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्यापुढे मान लववावी. मात्र तिने दिले हे तिच्या तोंडून ऐकावे, आणि किती दिले हे तिला ठाऊक होते एवढे लिहून ठेवावे. पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनी जो समझोता फुटतो, तो आधीच फुटलेला होता असे समजावे.

मराठेशाहीत वतनाचे आणि वाटणीचे तंटे गोतसभेपुढे येत. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत उपस्थितांची साक्ष पडे. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याच्या अवजाराची निशाणी काढी. शेतकऱ्याचा नांगर त्या कागदावर उमटे. त्या व्यवस्थेचे गोडवे आम्हास गावयाचे नाहीत. तिच्यात जातीची उतरंड होती आणि बलवानाचा शब्द जड होता. परंतु एक गोष्ट तिला उमगली होती. चारचौघांसमक्ष वाचून दाखविल्यावाचून समझोता पक्का होत नाही. छापील नमुन्यात नावे भरून केलेल्या आजच्या पुरसिसीत नेमके हेच वाचून दाखविणे हरवले आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांसाठी नवा कायदा करावयास नको. वाटणीच्या प्रत्येक तडजोडीस वंशावळ आणि हिश्शांचा तक्ता जोडलेला असावा. कायद्याने कोणाचा वाटा किती आणि तडजोडीने कोणास किती, असे दोन रकाने शेजारी शेजारी असावेत. हे दोन रकाने पाहिले की न्यायाधीशास पुढचे प्रश्न सुचविण्याची गरज पडणार नाही. प्रत्येक पक्षकारास प्रत्यक्ष बोलावून, भाऊबंदांपासून बाजूस घेऊन, तिला समजेल त्या भाषेत अटी वाचून दाखवाव्यात. आमच्या या गावात ती भाषा मराठी असेल, उर्दू असेल किंवा पद्मनगरातील विणकर कुटुंबांची तेलुगूही असेल. मुखत्यारपत्रावर तडजोड करणारा मुखत्यार स्वतःच त्या तडजोडीचा लाभार्थी असेल, तर मूळ व्यक्ती हजर झाल्यावाचून ती मंजूर करू नये. अज्ञान मुलाच्या बाबतीत परवानगी का दिली याची कारणे चार ओळींत लिहावीत आणि त्याची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहील अशी आज्ञा करावी. सही आणि मंजुरी यांच्यात काही दिवसांचे अंतर असावे, म्हणजे सासरी परत गेल्यावर शांतपणे विचार करण्यास तिला सवड मिळेल. लोकअदालतीत ठेवावयाचे वाटणीचे दावे या सर्व पायऱ्या आधी पार पाडूनच ठेवावेत.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. 'सरसनिरस मानाने वाटप करून घ्यावे' एवढेच लिहून थांबलेली तडजोड म्हणजे दुसऱ्या दाव्याचे बियाणे होय. सरस कोणाचे आणि निरस कोणाचे यावरच तर सारा तंटा असतो! शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप अखेर जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत व्हावयाचे असते. तेव्हा गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, जाण्यायेण्याचा रस्ता आणि मोजणीचा नकाशा तडजोडीतच यावा. अन्यथा दरखास्तीच्या खेपा घालण्यात पुढची दहा वर्षे जातात, आणि ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो त्या काळात तिचे भाडे खातो.

वकील बंधूंस आमची एक विनंती आहे. 'अशिलाचा फायदा' हे आपले ब्रीद आहे. पण ज्या बहिणीच्या नावे आपण वकीलपत्र दाखल केले ती आपली अशील आहे, आपणास फी देणारा तिचा भाऊ नव्हे. न्यायाधीश महाराजांस विनंती करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु 'समाधान' हा शब्द संहितेने आपल्यावर विश्वास टाकून लिहिला आहे, एवढे स्मरण देण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. आणि भावांस काय सांगावे? बहिणीस तिचा वाटा सांगून, तिने तो स्वेच्छेने सोडला, तर ती जमीन निर्धास्त विका. कोणी बोट दाखविणार नाही. तिला अंधारात ठेवून सही घेतली, तर हुकूमनामा कदाचित टिकेल, पण पुढच्या भाऊबीजेस ओवाळणीच्या ताटात आपण काय टाकणार, याचा विचार आजच करून ठेवावा.